पुणे–वाई–भिलार: विजेवरचा छोटा हत्ती आणि तीन ठिकाणची वीज

गुरुवार, धायरी ते वाई

फेब्रुवारी २०२५, स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात. भिलारचा माल पुण्यात आणायचं भाडं भावोजींना मिळालं आणि मीही सोबत निघाले, कारण गाडीचा हिशेब माझ्याकडे असतो. डिझेलचा टेम्पो होता तोवर हिशेबाला डोकं लावावं लागत नव्हतं. पंपावर लावलेला भाव धायरीत असायचा तोच वाईत, चार-आठ आणे इकडेतिकडे. विजेवरच्या छोट्या हत्तीचं तसं नाही. युनिट कुठे भरलं यावर त्याची किंमत दुप्पट-तिप्पट होते. घरचं, पाहुण्यांकडचं आणि हायवेवरचं अशी तिन्ही चार्जिंग एकाच फेरीत मोजून बघायची होती, ती संधी या भाड्याने दिली.

गाडी टाटा एस ईव्ही. बॅटरी २१.३ किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या लाइट बिलावरची २१.३ युनिटं. कागदावर १५४ किलोमीटर जाते. हायवेला माल भरून निघालो की आम्ही शंभर-एकशेदहा धरतो आणि त्याच बेताने भाडं ठरवतो.

दुपारी तीनला रिकामे क्रेट आणि पॅकिंगची खोकी भरून नवले पुलावरून सातारा रस्त्याला लागलो. कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, नीरा नदीचा पूल, शिरवळ. गाडी हलकी होती, भावोजी पन्नासच्या पुढे काटा जाऊ देत नव्हते. मागून येणारे ट्रक हॉर्न मारून पुढे जात होते, भावोजी आपले डावी कडा धरून निवांत. वेग वाढवला की हवेचा अडथळा वाढतो आणि टक्के भराभर उतरतात, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, रोजच्या आकड्यांनी शिकवलंय. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावाच लागला, बोगदा येतानाच्या गाड्यांना होता. घाट संपला, सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो आणि वाईत पोचलो तेव्हा बॅटरी ३५ टक्क्यांवर होती. अंतर ८० किलोमीटरच्या आसपास.

मुक्काम मावशींकडे, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे. मेणवलीच्या रस्त्याला त्यांचं कौलारू घर आहे, पुढे अंगण, गाडी आत लागते. पडवीतल्या पंधरा अँपिअरच्या प्लगला केबल लावली तर चार्जरचा लाल दिवा लागला आणि गाडी वीज घेईना. जुन्या घरात हे नेहमीचं: अर्थिंग कमजोर. चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते धड नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही, आणि ते बरोबरच आहे. घरामागे तुळशीपलीकडे अर्थिंगचा खड्डा होता, कोरडा ठणठणीत. भावोजींनी दोन बादल्या पाणी आणि मूठभर खडेमीठ त्यात ओतलं. पाचेक मिनिटांत दिवा हिरवा. मावशी म्हणाल्या, “पावसाळ्यात फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येत नाहीत, उन्हाळ्यात येतात, ते ह्यानंच होय रे?” भावोजी म्हणाले, “ह्यानंच मावशी. वायरमनला बोलावून नवी पट्टी टाकून घ्या, पाण्यावर भागवू नका.” घरी चार्जिंग स्वस्त म्हणताना या पट्टीचा खर्च कुणी धरत नाही. धरायला हवा. गाडीपेक्षा घरातल्या माणसांसाठी हवा.

मी टॉर्च घेऊन मीटरसमोर उभी राहिले आणि रीडिंग वहीत उतरवलं. एरवी सावकाश लुकलुकणारा लाल ठिपका आता थांबायलाच तयार नव्हता. मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “किती खाते गं ही रात्रीत?” मी म्हटलं, “सकाळी सांगते.”

शुक्रवार, वाई ते भिलार

पहाटे पाचला मावशींनी गिझर लावला आणि घरभर अंधार. गाडी तीन किलोवॉटच्या आसपास ओढत होती, त्यात गिझरचे दोन. भार जास्त झाला की वीज तोडणाऱ्या एमसीबीने आपलं काम केलं. छोट्या घराचा मंजूर भार बघूनच गाडी लावायची असते. दोन्ही एका वेळी चालणार नाहीत हे ठरलं, आधी गाडी पूर्ण होऊ दिली, मग अंघोळी.

सहा वाजता १०० टक्के. मीटरचा फरक १५.६ युनिट. बॅटरीत मात्र ६५ टक्के भरले, म्हणजे १३.८ युनिट. मधली पावणेदोन युनिटं गाडीतल्या चार्जरमध्ये उष्णता होऊन गेली. ही गळती घरच्या मीटरवर आपल्या नावावर पडते. हायवेवरचा फास्ट चार्जर गाडीला दिलेली वीज मोजतो, तिथली गळती चार्जर चालवणाऱ्याची. दोन दर शेजारी ठेवताना हा फरक सुटला तर तुलना चुकते.

चहा घेताना मावशींचं जुनं बिल मागून घेतलं. महिन्याचा वापर पासष्टच्या घरात: दोन दिवे, पंखा, फ्रिज, टीव्ही, थंडीत सकाळचा थोडा वेळ गिझर. महावितरणचा घरगुती दर २०२४-२५ मध्ये असा होता: पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि ५०० च्या वर १६.६४. प्रत्येक युनिटावर वहन आकार, म्हणजे वीज पोचवण्याचे पैसे, १.१७ आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन महिन्यागणिक बदलतं, ते मी बाजूला ठेवलं. मावशींच्या पासष्टात आमची साडेपंधरा मिळवली तरी ऐंशीच्या आसपास होतात, शंभरच्या आतच. म्हणजे युनिट पडलं ५.८८ अधिक शुल्क, ६ रुपये ८२ पैशांना. रात्रीचा खर्च १०६ रुपये. गळतीसकट धरलं तर बॅटरीत गेलेलं युनिट ७.७१ ला पडलं.

मी शंभराची नोट आणि दहाचं नाणं पुढे केलं. मावशी रागावल्या. “लेकराच्या गाडीला पाणी पाजलं तर त्याचे पैसे घेऊ का मी?” मग मी त्यांना वहीवरचे टप्पे दाखवले. हंगामात आम्ही दर आठवड्याला येऊ लागलो तर त्यांचा वापर शंभर ओलांडणार, आणि वरचं प्रत्येक युनिट १३ रुपये २९ पैशांना पडणार. महिन्याच्या शेवटी बिल त्यांच्या हातात येईल तेव्हा आम्ही पुण्यात असू. त्या बराच वेळ वहीकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, “मग दर खेपेला लिहून ठेव, महिन्याला एकदाच दे.” मला हा व्यवहार पटला. नात्यातली वीज फुकट समजून केलेला हिशेब खोटाच असतो, कुणीतरी ती भरतंच.

पसरणीचा घाट सकाळी साडेसातला चढायला घेतला. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, पाचगणी तेराशेच्या जवळ. मधले बारा-तेरा किलोमीटर नुसता चढ. मागे धोम धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं, बाजूला पांडवगड. भावोजी वळणावळणाला मला टक्के वाचायला सांगत होते. रिकामे क्रेट होते तरी पाचगणीच्या नाक्यावर पाव बॅटरी गेलेली. हे गणित शाळेतल्या विज्ञानाइतकं साधं आहे: १८०० किलो वजन पावणेसहाशे मीटर वर न्यायचं तर सुमारे २.८ युनिट लागतातच, गाडी कुणाचीही असो. त्यावर रस्त्याचं घर्षण आणि मोटरची गळती.

पाचगणीच्या पुढे डावीकडे भिलार. २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं, घराघरांवर पाट्या लागल्यात कुठे कविता, कुठे कादंबरी, कुठे बालसाहित्य. आम्हाला थांबायला वेळ नव्हता. शेतात बायका पहाटेपासून तोडणीला होत्या. काळ्या मल्चिंग कागदावर लाल फळं, ओळीच्या ओळी. नाबिला आणि विंटर डॉन या दोन जाती तिथल्या एका ताईंनी हातात देऊन दाखवल्या. फळ देठासकट चिमटीत धरून वळवायचं, ओढायचं नाही. बोटाचा दाब बसला की संध्याकाळपर्यंत तिथे डाग पडतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या बोटांच्या कामाला मिळालंय असं मला त्या शेतात उभं राहून वाटलं.

तीन शेतांतून माल गोळा करत, खोकी रचत दुपारचे तीन वाजले. निघताना गाडीत पाचशे किलो माल आणि बॅटरी ५७ टक्के.

शुक्रवार संध्याकाळ, घाट उतरताना आणि शिरवळ

उतरताना गाडी ब्रेकवर कमी आणि मोटरवर जास्त थांबते. मोटर उलट काम करून बॅटरीत वीज घालते. पसरणी उतरून वाईत आलो तेव्हा पाचगणीपेक्षा पाच टक्के जास्त दिसत होते. भरलेल्या गाडीला हा फायदा रिकाम्या गाडीपेक्षा जास्त, कारण उतरणारं वजनच वीज बनवतं. डिझेलच्या टेम्पोत हेच वजन ब्रेक लायनर जाळायचं.

वाईतून ६० टक्क्यांच्या आसपास निघालो. धायरीपर्यंत भरल्या गाडीला पाऊण बॅटरी लागणार, म्हणजे वाटेत भरणं आलंच. सुरूर ओलांडल्यावर एका हॉटेलच्या आवारात अॅपमध्ये हिरवा दिसणारा चार्जर होता. प्रत्यक्षात स्क्रीन काळी, गन लटकलेली, पेट्रोल पंपासारखा सांगायला माणूस नाही. तिथल्या वॉचमनने दोन दिवसांपासून बंद असल्याचं सांगितलं. अॅपच्या पाकिटात भरलेले पैसे तिथेच अडकून राहिले. आम्ही पुढे निघालो, येताना बोगदा असल्याने चढ वाचला, आणि शिरवळला पोचलो तेव्हा २३ टक्के उरले होते. तोवर मी दर दोन मिनिटांनी आकड्याकडे बघत होते आणि भावोजी चाळीसच्या वर जात नव्हते.

शिरवळचा चार्जर चालू होता. साठ किलोवॉटचा, दोन गनचा. एका गनला कार लागलेली, दुसरी आम्ही घेतली. आता इथली खरी गोष्ट सांगते, जी दरांच्या तक्त्यात कुठे सापडत नाही. चार्जर कितीही मोठा असला तरी आमची गाडी तेवढी वीज घेऊच शकत नाही. कंपनीच्याच आकड्यानुसार १० ते ८० टक्के भरायला १०५ मिनिटं लागतात, म्हणजे सरासरी साडेआठ किलोवॉटच्या आसपास. फास्ट चार्जिंगचा दर पूर्ण मोजायचा आणि वेग मात्र मोठ्या कारच्या काही हिश्शाने मिळायचा. शेजारची कार अर्ध्या तासात निघून गेली, तिच्या जागी दुसरी आली, तीही गेली. तिसऱ्या कारमधले गृहस्थ भावोजींना म्हणाले, “अहो टेम्पोवाले, किती वेळ लावणार? आम्हाला कोल्हापूर गाठायचंय.” भावोजींनी शांतपणे स्क्रीन दाखवली. गृहस्थांनाही कळलं असावं, ते चहा घ्यायला गेले. पण चूक त्यांची नव्हती आणि आमची तर नव्हतीच. मालवाहू गाड्यांसाठी वेगळ्या, कमी ताकदीच्या, कमी दराच्या दोन-चार गन हायवेला लावल्या तर दोघांचाही वेळ वाचेल. बॅटरीच तेवढी वीज घेत नसेल तर साठ किलोवॉटच्या यंत्राचं भांडवल आमच्या प्रत्येक युनिटावर का चढवायचं?

७० टक्क्यांना थांबवलं. सत्तर मिनिटं, १०.२ युनिट. दर १९ रुपये, झाले १९३.८०. त्यावर १८ टक्के जीएसटी ३४.८८. एकूण २२८ रुपये ६८ पैसे, म्हणजे युनिट २२ रुपये ४२ पैशांना. कर भरायला माझी ना नाही. पण घरच्या विजेवर जीएसटी लागत नाही आणि रस्त्यावरच्या चार्जरवर १८ टक्के लागतो. ज्याला घर आहे, अंगण आहे, स्वतःचं मीटर आहे त्याला तो कर नाही, आणि ज्याची गाडी रात्री वडगावच्या रस्त्याकडेला उभी राहते त्याला पूर्ण. सोसायट्यांत पार्किंग न मिळणारे, चाळीत राहणारे कितीतरी टेम्पोवाले भावोजींच्या ओळखीचे आहेत. विजेची गाडी घ्यायला तेच सगळ्यात उत्सुक, कारण रोजची शंभर किलोमीटर त्यांचीच पडतात. आणि सगळ्यात महागडी वीज त्यांच्याच वाट्याला.

माल मात्र सुखरूप होता. हवा थंड झाली होती, ताडपत्रीची एक बाजू वर करून ठेवली. दुपारच्या उन्हात हीच सत्तर मिनिटं गेली असती तर वरच्या थरातल्या खोक्यांची किंमत उतरली असती, आणि तो तोटा चार्जिंगच्या पावतीवर दिसला नसता.

धायरीत रात्री पावणेदहाला, २२ टक्के.

शनिवार, मार्केट यार्ड आणि घरचं बिल

रात्री गाडी घरच्या प्लगला लावली आणि पहाटे चारला गुलटेकडी. माल वेळेत उतरला. परत येऊन झोप काढली आणि दुपारी वही उघडली.

आमच्या घराचा स्वतःचा वापर महिन्याला १८० युनिट. गाडी साधारण ४५० घेते. म्हणजे गाडीचं पहिलं युनिटच दुसऱ्या टप्प्यात पडतं. १२० युनिट ११.४६ ने, पुढची २०० युनिट १५.७२ ने, उरलेली १३० युनिट १७.८१ ने. सगळं मिळून ६,८३४ रुपये, वर १६ टक्के शुल्क. भागाकार केला तर युनिट १७ रुपये ६२ पैसे. चार्जरची गळती मिळवली तर बॅटरीत गेलेलं युनिट विसाला जेमतेम आठ पैसे कमी.

भावोजी दोनदा बघून गेले. “वहिनी, हे बरोबर आहे? घरचं वीस आणि हायवेचं साडेबावीस?” बरोबर आहे. वाईच्या मावशींचं ७.७१, आमचं १९.९२, शिरवळचं २२.४२. मावशींचं घर आणि आमचं घर, दोन्हीकडे महावितरणचं घरगुती मीटरच. फरक फक्त कुठल्या टप्प्यात युनिट पडतं याचा. आमची गाडी किलोमीटरला बॅटरीतलं ०.१९ युनिट धरून चालते. तर वाईच्या विजेवर किलोमीटर दीड रुपयाला, घरच्या विजेवर पावणेचारला, शिरवळच्या विजेवर सव्वाचारला. जुना डिझेल टेम्पो लिटरला अठरा द्यायचा, नव्वदच्या डिझेलवर पाच रुपये. म्हणजे रोज हायवेवर भरणाऱ्या माणसाला डिझेलपेक्षा किलोमीटरमागे पाऊण रुपया वाचतो, आणि त्यात रांगेत गेलेला तास धरलेलाच नाही. गाडीच्या हप्त्यातला जास्तीचा पैसा त्या पाऊण रुपयातून कधी सुटणार?

उपाय आहे. वाहन चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी वर्गवारी आहे आणि त्या वर्गवारीत घरगुतीचे टप्पे लागत नाहीत. वापर वाढला म्हणून दर चढत नाही, आणि तो दर आमच्या वरच्या दोन टप्प्यांच्या बराच खाली आहे. आमच्यासारख्या महिन्याला साडेचारशे युनिट भरणाऱ्याने घरच्या मीटरवर गाडी लावून ठेवणं म्हणजे स्वतःच्या खिशाला भोक पाडून ठेवणं. उलट महिन्यातून दोन-चार वेळा, कमी वापराच्या घरी लावायची असेल तर आहे तेच मीटर बरं, कारण नव्या मीटरचा स्थिर आकार, केबल आणि अनामत त्यातून वसूल होणार नाही. गाडी विकणाऱ्याने हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. प्रति किलोमीटर अमुक पैसे असा एकच आकडा छापून भागत नाही, घरातलं जुनं बिल मागून घेऊन, टप्पे बघून सांगावं लागतं.

संध्याकाळी वायरमन येऊन मीटरच्या खोलीपासून गाडीच्या जागेपर्यंतचं अंतर मोजून गेला. मुख्य पेटीत जागा आहे, अर्थिंगची स्वतंत्र पट्टी टाकायची, केबल पाइपातून भिंतीच्या कडेने न्यायची. सोसायटीचं ना हरकत पत्र सचिवांकडे मागितलं. सोमवारी अर्ज.

पुढच्या गुरुवारी परत भिलार आहे. भावोजींनी शेतकऱ्यांना तोडणी लवकर संपवायला विचारलंय. बारा-साडेबाराला पाचगणी सोडली तर एकला वाईत. मावशींच्या पडवीत गाडी सावलीत लावायची, खोक्यांवर ओली पोती टाकायची, जेवायचं. तीन तासांत बॅटरीत आठेक युनिटं जातात, म्हणजे ६० चे ९७ टक्के. मग शिरवळला थांबावं लागत नाही, २२८ रुपयांच्या जागी साठ-पासष्ट लागतात, आणि सातच्या आत धायरी. मावशींना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, अर्थिंगची पट्टी कालच बसवून घेतली, आणि गिझर तेवढा वेळ बंद ठेवीन.